पट्टी उतरवली की गिटार मागे का पडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवता. गिटार एकच आणि तीही फ्लॉइड रोझची, म्हणजे तारांचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगणारी. कार्यक्रमाच्या आधी गायक सांगतो, "आज गळा साथ देत नाहीये, अर्धा सूर खाली घेऊ." किबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून चहा प्यायला जातो. तुम्ही लॅपटॉपवर सूर उतरवणारं प्लगइन लावलंत, बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पलवर आणलात, तरी पिक मारल्यावर आवाज मागून येतोय असं वाटतं. म्हणून विचारताय की अजिबात लेटन्सी, म्हणजे उशीर, नसलेलं पेडल किंवा प्लगइन कोणतं.

असं पेडल नाही. पुढच्या वर्षी येईल या आशेवरही राहू नका, का ते खाली सांगतो. त्यापेक्षा हे शोधू की तुमच्या एकूण उशिरातला किती भाग खरोखर न टळणारा आहे, किती तुमच्याच जोडणीतून आलाय आणि उरलेला उशीर कुठल्या गाण्यात खपतो. मी वीस-बावीस वर्षं वाद्यवृंदात वाजवतोय आणि घरच्या खोलीत थोडंफार रेकॉर्डिंगही करतो, त्या अनुभवावरून लिहितो. तुमचं मशीन, मॉनिटर आणि गाणी माझ्यापेक्षा वेगळी असणार, त्यामुळे माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका.

किबोर्डवाल्याचा हेवा करणं आधी सोडा. त्याच्या वाद्यात आवाज अजून तयारच झालेला नसतो. त्याने पांढरी तीन दाबली की मशीनला फक्त एवढंच ठरवायचं असतं की त्याऐवजी काळी दोन वाजवायची. तो आकड्यांचा खेळ आहे. तुमच्या तारेतून आवाज आधीच निघालेला असतो, पेडलला तो ऐकून बदलायचा असतो. आणि ऐकायला वेळ लागतो.

किती वेळ, ते बघू. समजा एक माणूस वहीत सारखं लिहितोय आणि दुसरा त्याच्या मागोमाग मोठ्याने वाचतोय. लिहिणारा म्हणजे तुमची गिटार, वाचणारा म्हणजे पेडलमधून बाहेर येणारा आवाज. सूर उतरवायचा म्हणजे वाचणाऱ्याने सावकाश वाचायचं. अर्धा सूर उतरवायचा तर साधारण साडेपाच टक्के सावकाश. पण लिहिणारा थांबत नाही, त्यामुळे वाचणारा दर सेकंदाला सुमारे ५६ मिलिसेकंद मागे पडत जातो. त्याला अधूनमधून काही ओळी गाळून पुढे उडी मारावी लागते. एक सप्तक उतरवायचं असेल तर तो निम्म्या वेगाने वाचतो, म्हणजे दर सेकंदाला अर्धा सेकंद मागे. साहजिकच उड्या कितीतरी जास्त. सूर चढवताना उलटं होतं. तेव्हा तो भरभर वाचतो, पण जे लिहिलंच नाही ते वाचणार कसं? म्हणून आधीपासून थोडं मागे उभं राहावं लागतं आणि लिहिणाऱ्याला गाठलं की पुन्हा मागे यावं लागतं.

ही उडी कुठेही मारून चालत नाही. जिथून सोडलं आणि जिथे धरलं त्या दोन्ही जागी आवाजाची लाट सारखी हवी, नाहीतर 'टक्' असा खटका ऐकू येतो. म्हणजे उडी किमान एका पूर्ण लाटेची. आता सहावी तार घ्या. ती मोकळी वाजवली की सेकंदाला सुमारे ८२ लाटा येतात, म्हणजे एक लाट १२ मिलिसेकंदांची. पहिली तार सेकंदाला ३३० च्या आसपास, तिची लाट ३ मिलिसेकंदांची. वरच्या तारांवर लीड वाजवताना पेडल ठीक वाटतं आणि खालच्या तारेवर पाम-म्यूट करून, म्हणजे तळहाताने तार अर्धवट दाबून, 'झुक-झुक' धरलं की सगळं चिखलात रुतल्यासारखं होतं, त्यामागे हेच कारण आहे. बेस गिटारच्या सर्वांत जाड ई तारेला एका लाटेसाठी २४ मिलिसेकंद लागतात. तुमच्या बेसवाल्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉर्डचं प्रकरण आणखी वाईट. सहाव्या तारेवर साधा पॉवर कॉर्ड धरला, ई आणि त्यावरचा बी, तर दोघांची मिळून एक आवृत्ती पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. जे पेडल लाटा जुळवून उड्या मारतं, त्याला जोड शोधायला तेवढी जागा हवी असते. दुसरी पद्धत म्हणजे आवाजाचे घटक सुटे करून प्रत्येक घटक वेगळा सरकवायचा. तिथे अडचण अशी की शेजारचे दोन सूर वेगळे ओळखायलाच वेळ लागतो. खालचा ई आणि त्याच्या पुढचा एफ यांच्यात फक्त ५ हर्ट्झचा फरक आहे, ते नीट सुटे करायचे तर सुमारे २०० मिलिसेकंद ऐकत बसावं लागेल. तेवढं थांबून कोणी लाइव्ह वाजवू शकत नाही. म्हणून प्रत्येक कंपनी कुठेतरी तडजोड करते, कोणी आवाज थोडा पाणचट होऊ देतं, कोणी थोडा उशीर ठेवतं. काही मल्टिइफेक्टमध्ये ट्रॅकिंग नावाची सेटिंग असते, 'फास्ट' आणि 'स्टेबल' असे पर्याय देणारी. ती याच तडजोडीची खुंटी आहे.

ही काही नवी रड नाही. इव्हेंटाइडचं एच-९१० हे सूर बदलणारं यंत्र १९७५ सालचं, डिजिटेकचं व्हॅमी पेडल १९८९ चं. गणित करणाऱ्या चिप्स तेव्हापासून कुठल्या कुठे गेल्या, पण सहाव्या तारेची लाट अजूनही १२ मिलिसेकंदांचीच आहे.

आता तुम्ही विचारलं नाही, पण माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट. वहीवाला वाचक कधी लिहिणाऱ्याच्या अगदी जवळ असतो, कधी लांब. म्हणजे अशा उड्या मारणाऱ्या पेडलचा उशीर ठरावीक नसतो, तो हलत राहतो. एक पिक ६ मिलिसेकंदांनी येईल, पुढची १८ ने. ठरावीक १५ मिलिसेकंदांची सवय हाताला होते. अॅम्पपासून पाच मीटर लांब उभं राहून आपण सगळ्यांनीच वाजवलंय आणि आवाजाला पाच मीटर कापायला तेवढाच वेळ लागतो. पण कधी लवकर, कधी उशिरा, याची सवय हाताला होत नाही. म्हणून पेडल निवडताना सर्वांत कमी आकडा शोधण्याऐवजी ज्याचा आकडा कमी हलतो ते घ्या. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं, मोजावं लागतं.

मोजायची पद्धत सोपी आहे. गिटारचा सिग्नल दोन वाटांनी इंटरफेसमध्ये (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यात) घ्या, एक थेट, दुसरी पेडलमधून. सिग्नल दोन वाटांना फोडणारा स्प्लिटर नसेल तर तेच काम करणारा एबीवाय बॉक्स चालतो. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) दोन ट्रॅक रेकॉर्ड करा. डाव्या हाताने तारा दाबून मुक्या करा आणि पिकने पंधरा-वीस वेळा 'टक टक' मारा, मुद्दाम असमान अंतराने. मग ट्रॅक मोठे करून एकाच ठोक्याची दोन्ही ट्रॅकवरची सुरुवात बघा, त्यांच्यातलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा आणि ४८ ने भागा. ७२० सॅम्पल आले तर १५ मिलिसेकंद. पंधराही ठोक्यांचे आकडे कागदावर लिहा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांच्यातलं अंतर हा त्या पेडलचा खरा स्वभाव. दोन्ही वाटा त्याच इंटरफेसमधून येत असल्याने इंटरफेसचा उशीर यात मोजला जात नाही, फक्त पेडलचा येतो.

तुमच्या लॅपटॉपकडे येऊ. १२८ चा बफर म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद, पण तो आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा. त्यात कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरने स्वतःसाठी राखलेली जागा मिळवा, म्हणजे सात ते दहा मिलिसेकंदांपर्यंत सहज जातं. विंडोजवर असाल तर इंटरफेसच्या कंपनीचाच असिओ ड्रायव्हर (कमी उशिरासाठी बनवलेला) वापरा, सगळ्यांना चालणारा फुकटचा नको. आणि हे सगळं झालं प्लगइन लावण्याआधी. प्लगइनचा स्वतःचा उशीर वेगळा, तो बफरच्या सेटिंगमध्ये दिसतच नाही. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टच्या खिडकीत खाली सॅम्पलचा आकडा दिसतो. तिथे १०२४ दिसले तर आणखी २१ मिलिसेकंद धरा. सॉफ्टवेअर हा उशीर रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकसाठी भरून काढतं, बाकीचे ट्रॅक तेवढे मागे सरकवून. पण तुम्ही आत्ता मारलेल्या पिकसाठी ते काहीच करू शकत नाही.

अनेक जण इथे सॅम्पल रेट ९६ वर नेतात. त्याने बफरचा वेळ निम्मा होतो हे खरं. पण सूर बदलणाऱ्या भागाला लाट ऐकायलाच जो वेळ लागतो तो तितकाच राहतो. तारेला तुमचा सॅम्पल रेट माहीत नसतो. लॅपटॉप मात्र तापतो.

एक शंका अशीही आहे की तुम्हाला जाणवतंय ते सगळं लेटन्सी नसावं. खोलीत हळू आवाजात किंवा उघड्या हेडफोनवर वाजवता का? मग तुमच्या कानाला दोन गिटारी ऐकू येताहेत, एक स्पीकरमधून उतरलेल्या सुरात आणि एक थेट तारेची, न उतरलेली. अर्ध्या सुराच्या फरकाने दोन आवाज एकत्र आले की कान गोंधळतो. तारेचा 'टिंग' आधी, वेगळ्या सुरात, मग पेडलचा आवाज. मेंदू त्याला 'मागे पडतंय' असं नाव देतो. पडताळून बघायला मेट्रोनोमच्या क्लिकवर एक साधा ठेका रेकॉर्ड करा आणि गिटार खाली ठेवून ऐका. ऐकताना नीट बसलेला वाटला, तर दोष तुमच्या खोलीतल्या तारेच्या आवाजाचा आहे. कान झाकणारे बंद हेडफोन घ्या किंवा आवाज वाढवा. स्टेजवर हा त्रास आपोआप कमी होतो, कारण तिथे ढोलकी आणि ऑक्टोपॅडपुढे तारेला कोण विचारतो!

माझी फजिती सांगतो. गणपतीतला एका सोसायटीचा कार्यक्रम. त्या वर्षी मी नवा वायरलेस घेतला होता आणि त्याचं फार कौतुक होतं. गिटारपासून वायरलेस, मग सूर उतरवणारं पेडल, मग मॉडेलर (अॅम्पची नक्कल करणारं मशीन), मग डिजिटल मिक्सर, मग कानातला मॉनिटर. प्रत्येक डब्यात आवाजाचे आकडे होणार, आकड्यांचा पुन्हा आवाज होणार आणि प्रत्येकजण दोन-चार मिलिसेकंद खाणार. चढ्या लयीचं गाणं, मी ऑफबीटवर कॉर्ड तोडतोय. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ढोलकीवाला माझ्याकडे वळून बघायला लागला. गाणं संपल्यावर म्हणाला, "दादा, दुपारी झोप झाली नाही का? माझ्या थापेच्या मागूनच येताय." मला वाटलं तोच पळतोय! घरी येऊन मोजलं तर सगळं मिळून तीसच्या आसपास होतं आणि त्यातलं निम्मंच पेडलचं. १४० च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १०७ मिलिसेकंदांचा असतो. तीस म्हणजे त्याचा पाव हिस्सा सरळ गेला. ढोलकीवाल्याला मोजायची गरज पडली नव्हती.

तेव्हापासून पेडल वापरायचं असेल त्या दिवशी मी वायर लावतो. नाचायला फारसं मिळत नाही, पण माझ्या नाचाची मागणीही नव्हती. सूर बदलण्याचं काम आणि अॅम्पचा आवाज एकाच मशीनमध्ये होत असेल तर एकातच करतो, म्हणजे मधला एक फेरा वाचतो. सूर उतरवणारा ब्लॉक नेहमी साखळीत पहिला, डिस्टॉर्शनच्या आधी. डिस्टॉर्शन झालेल्या कॉर्डमध्ये मूळ सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार झालेले असतात, त्या गोंगाटात मशीनला जोड सापडत नाहीत. स्वच्छ आवाज आधी उतरवला की त्याचे बारीक खटके नंतरच्या डिस्टॉर्शनमध्ये बरेचसे झाकलेही जातात. आणि मूळ आवाज त्यात मिसळण्याचा नॉब असेल तर तो पूर्ण बंद, तो फक्त सप्तकाच्या खेळासाठी ठेवावा.

ब्लूटूथ हेडफोनवर कोणी सराव करत असेल तर ही सगळी चर्चाच व्यर्थ. तिथे शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

आता कुठल्या गाण्यात पेडल आणि कुठल्या नाही. संथ गाणं, लांब सूर, वरच्या तारांवरचा लीड, त्यावर भरपूर डिले असेल तर खुशाल पेडल दाबा, कोणाला कळत नाही. साध्या ऱ्हिदमला पेडलची गरजच नाही, बार कॉर्ड एक घर खाली सरकवा. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, पण बटणाची सवय लागली की हात आळशी होतात, माझेही झाले होते. अडतं ते मोकळ्या तारांच्या रिफवर आणि पाम-म्यूटवर. पहिल्या गोष्टीला जागा सरकवून चालत नाही, दुसरीला पेडल सोसत नाही. अशा गाण्यांसाठी दुसरी गिटार हाच मला सापडलेला खरा उपाय आहे.

दुसरी म्हणजे महागडी नव्हे. पक्क्या ब्रिजची, साधी, सेकंडहँड चालेल. ती कायम अर्धा सूर उतरवून ठेवा आणि तारा एक नंबर जाड घाला, दहाच्या जागी अकराचा संच. अर्धा सूर उतरवला की तारेचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण सूर उतरवला तर २० टक्क्यांहून थोडा जास्त. जाड तार तो ताण भरून काढते, नाहीतर हाताखाली तार लोळते आणि जोरात पिक मारली की सूर चढतो. जाड तारा घातल्यावर मानेचा बाक आणि इंटोनेशन (प्रत्येक घरातला सूर बरोबर लागणं) एकदा नीट करून घ्या, नट अरुंद वाटला तर तोही कारागिराला दाखवा. आणि हीच गिटार नेहमीच्या पट्टीत हवी असेल तर पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, झालं. मी तर अलीकडे ती पूर्ण सूर उतरवूनच ठेवतो. मोकळी वाजवली तर एक सूर खाली, कॅपो पहिल्या घरात लावला तर अर्धा सूर खाली, दुसऱ्या घरात लावला तर मूळ पट्टी. गायकाने काहीही सांगितलं तरी कॅपो हलवायला तीन सेकंद लागतात. एकच त्रास, मानेवरचे ठिपके चुकीच्या घरांवर आल्यासारखे वाटतात. पहिल्या दोन कार्यक्रमांत मी त्यामुळे मातीही खाल्ली.

फ्लॉइड रोझवर हे करू नका. एका तारेचा ताण बदलला की ब्रिज हलतो, बाकी पाचही तारा सरकतात, आणि मध्यंतराच्या दहा मिनिटांत ते स्थिर होत नाही. ती गिटार मूळ पट्टीसाठी राखा, पेडल लावायचंच तर तिच्यावर.

प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा घेणाऱ्या गिटारीही आहेत. लाइन ६ ची व्हेरिअॅक्स त्यातली, किंवा रोलँड-बॉसचा सहा तारांचा वेगळा पिकअप लावून त्यांचं मशीन जोडता येतं. मशीनला एका वेळी एकच सूर ऐकायचा असल्याने कॉर्डचा गोंधळ सुटतो आणि वरच्या तारा पटकन येतात. सहाव्या तारेला तिची लाट पूर्ण व्हायची वाट मात्र तिथेही बघावी लागते. दर कार्यक्रमाला चार-पाच पट्ट्या बदलत असतील तर हा खर्च विचारात घ्या. महिन्यातून एकदा कोणी अर्धा सूर मागत असेल तर नको.

घरी रेकॉर्डिंग करत असाल तर गोष्ट फारच सोपी होते, आणि नेमकी तिथेच लोक उगाच झगडतात. गाणं काळी दोनमध्ये आहे, गिटार पांढरी तीनला सोयीची आहे, तर गिटार उतरवू नका. मागचा ट्रॅक अर्धा सूर चढवा. तो आधीच रेकॉर्ड झालेला आहे, त्याला घाई नाही, सॉफ्टवेअर हवा तेवढा वेळ घेऊन तो चढवेल. गायकाचा आवाज थोडा बारीक वाटेल, तेवढ्यापुरतं सोसा. त्यावर तुम्ही गिटार थेट, कोरी रेकॉर्ड करा. वाजवताना फक्त हलका अॅम्प प्लगइन ऐका. मग कोऱ्या ट्रॅकला सर्वांत चांगल्या दर्जाच्या सेटिंगवर अर्धा सूर उतरवून रेंडर करा, मागचा ट्रॅक मूळ जागी आणा आणि उतरवलेल्या गिटारवर खरा अॅम्प लावा. दोन सुरांपर्यंत हे नैसर्गिक वाटतं. तीन-चार सुरांच्या पुढे गिटारचं लाकूडच बदलल्यासारखा दबका आवाज येतो, तिथे तार खरोखर उतरवून वाजवलेलं बरं.

तुमच्या पुढच्या तालमीआधी ते पंधरा ठोके मोजा. एकदा लॅपटॉपच्या पूर्ण साखळीचे आणि शक्य झालं तर एकदा कोणाचंतरी पेडल उसनं आणून त्याचे. लॅपटॉपची साखळी मोजताना हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटला लावा, म्हणजे जाण्यायेण्याचा सगळा उशीर त्यात येईल. फक्त त्या दुसऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर शिट्टी सुटेल. दोन्हीचे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे आकडे इथे लिहा. सोबत कुठली गाणी अडतात आणि त्यात मोकळ्या तारा किती आहेत तेही सांगा, म्हणजे पेडल घ्यायचं की जुनी गिटार, ते नेमकं बोलता येईल.